मूल होत नसेल तर : दवाखान्यातली पहिली भेट



लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की प्रश्न कोणाला विचारतात? सुनेला. उपास तिने करायचे आणि टोमणेही तिनेच ऐकायचे. आपला वसईचा वाडीवाला मात्र केळ नीट धरली नाही म्हणून नुसत्या जमिनीला दोष देत नाही. तो कंद पाहतो, पाणी पाहतो, कीड पाहतो. इथेही तसेच पाहिले पाहिजे. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचेही काही कारण सापडते. म्हणून पहिला नियम असा, की दवाखान्यात दोघांनी मिळून जावे.

केव्हा जावे? कोणतेही साधन न वापरता वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी फार अनियमित असेल किंवा पूर्वी क्षयरोग झाला असेल, तर वाटच पाहू नये. क्षयाने गर्भनलिका बंद होऊ शकतात. जीवदानीला नवस बोलायचा तर खुशाल बोला, पण तपासणी त्यापायी लांबवू नका. वयाबरोबर स्त्रीबीजे कमी होत जातात, ती पुन्हा भरून येत नाहीत.

जाताना जुने कागद, औषधांची नावे आणि मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून न्या.

तिथे काय होते? पहिल्या दिवशी बहुतेक बोलणेच होते. लग्नाला किती वर्षे झाली, पाळी कशी येते, पूर्वी गर्भ राहिला होता का, शस्त्रक्रिया झाली का, पुरुषाला मोठेपणी गालगुंड झाले होते का, तंबाखू-दारू आहे का, संबंध केव्हा येतो, असे सारे विचारतात. यात लाजण्यासारखे काही नाही. काही लपवू नका. सासूबाईंना मात्र बाहेर बसवा, बरं का!

मग वजन, रक्तदाब आणि सोनोग्राफी. ती पुष्कळदा योनिमार्गातून करतात. थोडे अवघडल्यासारखे होते, फारसे दुखत नाही. जवळ परिचारिका असावी, असे बाईने बेलाशक सांगावे. रक्ताच्या काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. नलिका मोकळ्या आहेत का, हे पाहण्याचा एक्स-रे पाळी थांबल्यावर काढतात. म्हणजे सगळे एका दिवसात उरकत नाही.

पुरुषाची तपासणी त्याहून सोपी. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा. तो घरून आणायचा असेल तर तासाभरात पोचवायचा. ही काही मर्दानगीची परीक्षा नव्हे. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप आला तरी आकडा उतरतो. म्हणून एका अहवालावर निकाल लागत नाही, तपासणी पुन्हा करतात.

टेस्ट ट्यूबचे नाव आता सर्वांना ठाऊक आहे. 1978 साली इंग्लंडमध्ये असे पहिले मूल जन्मले. विरार लोकलने दादर गाठले की परळ जवळच, तिथल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी अशीच मुलगी जन्मली. पण प्रत्येकाला हा उपाय लागतो असे नाही. कित्येकांना थायरॉइडचे औषध, वजन उतरवणे किंवा साध्या गोळ्या एवढ्यानेच गुण येतो. म्हणून तपासण्या होण्यापूर्वीच कोणी मोठ्या खर्चाचे पॅकेज पुढे केले, तर त्याच दिवशी पैसे भरू नका.

डॉक्टरांना सरळ विचारा : कारण काय सापडले? आधी कोणता उपाय? एकूण खर्च किती? आमच्या वयाच्या शंभर जोडप्यांत किती जणांच्या हाती मूल आले? 2021 च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. दाखला पाहून घ्या. उपचारापूर्वी लेखी संमती घेतात. न समजलेल्या कागदावर सही करू नका. आणि मुलगाच हवा, ही मागणी कायद्याने गुन्हा आहे.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. गावात लोक कागद वाचून घ्यायला तुमच्याकडे येतात. असा कागद आला तर वाचून द्या, आणि त्यातली गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. ‘वांझ’ हा शब्द तुमच्यासमोर निघाला, तर तिथेच विचारा, ‘नवऱ्याची तपासणी झाली का?’ एवढ्या एका प्रश्नाने एखाद्या लेकीचा संसार वाचेल.