वेड्या बाभळीला वेळीच आवरा

सणसर परिसरात कालव्याच्या कडेने, चारीच्या भरावावरून किंवा गायरानातून फेरी मारली की एक झाड हमखास दिसतं. पाणी असो नसो, ते बाराही महिने हिरवं असतं. वेडी बाभूळ. आपल्याकडे कोणी तिला चिलारी म्हणतं, कोणी विलायती बाभूळ. आज तिच्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

ही आली कुठून?

हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आणलं गेलं. उद्देश चांगला होता. उजाड रानं झाकावीत, वाळू थांबावी, गरिबाला सरपण मिळावं. झालं मात्र भलतंच. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात 1961 च्या सुमारास या बाभळीची लागवड केली गेली. पुढे ती पसरत गेली, गवत मागे हटलं, आणि तिथल्या मालधारी पशुपालकांची चराई आक्रसली. आपल्या इंदापूर-बारामतीचं माळरानही गवताचंच. तेव्हा बन्नीचा धडा आपल्याही कामाचा आहे.

ओळखायची कशी?

देशी बाभळीला पिवळे गोल गोंडे येतात आणि शेंगा मण्यांच्या माळेसारख्या असतात. वेड्या बाभळीचा फुलोरा लांबट तुऱ्यासारखा असतो. शेंगा फिकट पिवळ्या, सलग आणि चवीला गोड. बुडापासूनच अनेक फांद्या फुटून तिची जाळी होते. बघून ओळखा, मगच कुऱ्हाड उचला. घाईत देशी बाभूळ तोडू नका. तिचा पाला शेळ्या खातात आणि तिच्या लाकडाची औतं होतात.

नुकसान काय होतं?

वेड्या बाभळीचा पाला जनावरं सहसा तोंडात धरत नाहीत. शेंगा मात्र आवडीने खातात. बी पचत नाही, लेंडीतून आणि शेणातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि जनावर फिरेल तिथे रुजतं. आपलीच शेळी तिची पेरणी करते म्हणा ना! मुळं खोल जातात, त्यामुळे उन्हाळ्यातही ती जमिनीतलं पाणी ओढत राहते. दाट सावलीत आणि तिच्या पाल्याच्या कुजण्यामुळे खाली दुसरं बी नीट उगवत नाही. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी ही गवतं हटतात. बोर, हिवर, खैर यांची रोपं वर येत नाहीत. गवत गेलं की चिंकाराही जातो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आणि कडबनवाडीचा माळ हे त्याचे आसरे गवतामुळेच टिकून आहेत.

गंमत पाहा, दसऱ्याला आपण पूजतो ती शमी या बाभळीची चुलतबहीण. पण शमीखाली पीक येतं, हिच्याखाली गवतही येत नाही.

उपाय काय?

1. नुसतं वरून छाटू नका. छाटलं की बुडातून दहा फांद्या फुटतात. बुडाभोवती उकरून जमिनीखाली वीतभर ते फूटभर खोल मूळ तोडा. खोडाचा सांधा जमिनीत राहू देऊ नका.

2. पावसाळ्यात जमीन मऊ असते. तेव्हा लहान रोपं मुळासकट उपटा. बी मातीत बरीच वर्षं टिकतं, म्हणून पुढची तीन-चार वर्षं दर पावसाळ्यात ही फेरी चुकवू नका.

3. शेंगा गळण्याआधी गोळा करा. चारायच्या असल्या तर बी फुटेल अशा बारीक दळून, थोड्या प्रमाणात, इतर चाऱ्यात मिसळून द्या. नुसत्या शेंगांवर जनावर ठेवलं तर ते आजारी पडतं.

4. मोकळी जागा तशीच सोडू नका. मारवेल लावा. कडेने शमी, बोर, हिवर लावा. माळाच्या मध्यावर मात्र झाडं लावू नका, तिथे गवतच हवं.

5. काटा मोडला तर जखम चिघळते. जाड पायताण घाला, हातमोजे वापरा.

6. कालव्याची कड पाटबंधारे खात्याची आणि गायरान गावाचं. त्या त्या ठिकाणी परवानगी घेऊनच काम करा.

एक गोष्ट विसरू नका. गावात अनेक घरांची चूल याच सरपणावर पेटते, आणि कोळशाच्या भट्टीवर काहींचं पोट आहे. म्हणून सगळं एका झटक्यात साफ करू नका. ग्रामसभेत बसून पट्टे ठरवा. दरवर्षी एक पट्टा काढा. निघालेलं लाकूड आधी त्या घरांना द्या आणि तोडणीची मजुरीही त्यांनाच मिळू द्या. म्हणजे माळही वाचेल आणि कोणाची चूलही विझणार नाही.

सुबाभळीबाबतही असंच भान ठेवा. चाऱ्यासाठी तिचा मोठा प्रचार झाला, पण मोकाट सोडली तर तीही पसरते. शेंगा धरण्याआधी कापत राहा आणि एकूण चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा.

यंदाचा पाऊस पडला की आधी आपल्या बांधावरून एक फेरी मारा. बोटभर रोप हाताने निघतं. तेच दोन वर्षांनी कुऱ्हाडीलाही दाद देत नाही.