घरात पुली बसवताना

व्यायामशाळेत शिकवताना मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘सर, घरीच केबल-पुली बसवू का?’ जरूर बसवा. पण आधी विहिरीवरचा रहाट आठवा. वर पक्की बसवलेली कप्पी ओझे कमी करत नाही, फक्त ओढण्याची दिशा बदलते. वजनाबरोबर हलणारी दुसरी कप्पी जोडली, की २० किलो वजन हाताला साधारण १० किलोच लागते. दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. म्हणून दुकानात नुसते ‘किती किलो?’ विचारू नका, ‘हाताला किती?’ हेही विचारा.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. स्नायू वाढतात ते भार हळूहळू वाढवल्याने. एकदम १० किलोची उडी खांद्याला झेपत नाही. अडीच किलोच्या चकत्या लावता येतील असे यंत्र मी सुचवतो.

सर्वांत महत्त्वाचा आधार. छताला टांगलेल्या एकाच कप्पीवरून ३० किलो ओढताना वरच्या हुकावर जवळजवळ ६० किलोचा ताण येतो. त्यामुळे पंख्याच्या हुकाला कप्पी टांगण्याचा मोह टाळा. जागा असेल तर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकट घ्या. घेण्यापूर्वी छताची उंची मोजा. केबलचे प्लॅस्टिक तडकून तार दिसू लागली, तर चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नका, केबलच बदला.

पैसे वाचवायचेच असतील, तर चकचकीत रंगावर वाचवा. केबलवर आणि आधारावर नको.