नीळ, माती आणि अडवलेली हवा

जपानी रीतीने निळीत कापड रंगवणारा कलावंत भांडीही घडवून भाजू लागला, की 'एक ना धड, भाराभर चिंध्या' हा शेरा ठरलेला. मला तो पटत नाही. नीळ मुळात पाण्यात विरघळतच नाही. जपानी रंगारी तिचा पाला कुजवतो, मग राखेच्या निवळीत गव्हाचा कोंडा घालून आंबवतो. माठातल्या जिवाणूंनी प्राणवायू संपवला, की ती विरघळून धाग्यात शिरते. कापड वर येतं ते पिवळट हिरवं. वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. भट्टीचंही तसंच. झिलईत थोडं लोह असेल आणि हवा खेळती असेल, तर भांडं पिवळट किंवा तपकिरी निघतं; हवा कोंडून जाळ धुरकट ठेवला, तर त्याच लोहातून सेलाडॉन झिलईची हिरवट निळाई उतरते. फरक इतकाच, की रंगाऱ्याला शेवटी हवा हवी असते आणि कुंभाराला झिलई थिजेपर्यंत ती नको असते. म्हणजे दोघांची पारख एकाच गोष्टीची.

कोणी म्हणेल, जपानने 1955 साली राष्ट्रीय मान दिला तो शोजी हमादांना मातीकामासाठी आणि आयानो चिबांना निळीसाठी. दोन कामं, दोन आयुष्यं. हा आक्षेप वजनदार आहे. चिबाबाई तर माठ तापवतही नसत, ऋतूची ऊब येईपर्यंत थांबत. दोन्हीकडे हात घालणाऱ्याला तेवढी सफाई क्वचितच साधेल, हे मान्य. पण एका कामातली पारख दुसऱ्यात उपयोगी पडते, हा लाभ लहान नाही.

दुसरा आक्षेप कारखान्याच्या निळीचा. रायगडातल्या आपल्या कोन गावाहून सावळ्याच्या रस्त्याने गेलं की रसायनी. तिथे 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सने ॲनिलीन बनवलं, आणि कृत्रिम नीळ आता बहुतांशी ॲनिलीनपासून होते. 1897 मध्ये ती जर्मनीतून बाजारात आली. रेणू तोच, मग आंबवण्याचा खटाटोप कशाला? निळाई अधिक शुद्ध होते म्हणून नव्हे, ती समजूत भाबडी आहे. कारखान्याच्या निळीलाही प्राणवायू काढून घ्यावाच लागतो; तिथे हायड्रोसल्फाइट ते काम झटपट उरकतं. माठ मात्र सावकाश चालतो, रोज वास घेऊन, फेस पाहून राखावा लागतो, आणि हात तयार होतो तो त्यातच.

राहिला प्रश्न जपानचाच कशाला, याचा. आपल्याकडेही दक्षिण भारतातले रंगारी निळीच्या माठात आंबवणासाठी टाकळ्याचं बी शिजवून घालत. तोच टाकळा, ज्याची भाजी रायगडात पावसाळ्यात घरोघरी होते. जपानकडून घ्यायची ती माठाची निगा. पाला कुजवून साठवण्याची त्यांची रीत आपल्याला सक्तीची नाही; आपली नीळ वड्या पाडून पूर्वीपासून टिकतेच.