नवऱ्यानं हमी लिहून दिली, पुढं काय?



बाई कोर्टात गेली, आदेश निघाला, की गावाला वाटतं प्रकरण मिटलं. आम्हा गटातल्या बायांना ठाऊक आहे, तक्रारीनंतरचेच दिवस जास्त जोखमीचे. बायको आपल्या मुठीतून निसटली हे नवऱ्याला तेव्हाच कळतं. म्हणून आज त्याच्याविषयी बोलू या. त्याच्यावर नजर कोण ठेवतं?

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. कोर्टात अर्ज होतो तेव्हा धोका किती आहे हे तपासायचं आणि बाईशी बोलून तिच्या सुरक्षेचा आराखडा करायचा, हे त्यांचं काम. तिथं लाजू नका. गळा दाबला का, जिवे मारीन म्हणाला का, कोयता-कुऱ्हाड उगारली का, लेकरांवर हात टाकला का, सगळं सांगा. "थोडंसंच मारलं" म्हणालात, तर कागदावरही थोडंसंच येतं.

पुढं दंडाधिकारी त्याला, तिला किंवा दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात. मग पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत लागते. समुपदेशन म्हणजे भावकीची बैठक नव्हे. समुपदेशक दोघांपैकी कुणाच्याही नात्यातला नसावा. पुन्हा हिंसा करणार नाही, अशी हमी नवऱ्यानं द्यायची असते. गरज असेल तर तिला भेटणार नाही, फोन करणार नाही, हेही लिहून घेतात. आणि नियम काय सांगतो ऐका: "भाकरी करपली म्हणून मारलं", "उलट बोलली म्हणून मारलं", असली कारणं तिथं चालत नाहीत. हे त्याला आधीच बजावायचं असतं. तडजोड व्हायची तर ती बाईची इच्छा असेल तरच. काय झालं त्याचा अहवाल कोर्टात जातो. म्हणून कुणी "सांभाळून घे, नांदायला जा" असा रेटा लावला, तर ते कोर्टाला सांगा.

संरक्षण आदेश मिळाला असेल तर त्याची प्रत नीट जपा. एक प्रत विश्वासाच्या सखीकडे ठेवा. तो मोडला तर संरक्षण अधिकारी, पोलीस किंवा थेट दंडाधिकारी, कुणाकडंही तक्रार करता येते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण एका अधिकाऱ्याकडं कितीतरी गावं असतात. रोज दारात कोण येणार? तिथं गट कामाला येतो. आम्ही नवऱ्याला जाब विचारायला घोळका करून जात नाही. त्याचा राग रात्री तिच्यावरच निघतो. आम्ही तिला एकटीला गाठतो, नळावर, रेशनच्या रांगेत. "कशी आहेस?" एवढंच विचारतो. धमकी, मारहाण, तारीख, वार, कुणी पाहिलं, हे वहीत लिहितो. वही तिच्या घरात ठेवत नाही. पोलिसांना बोलवायची खूण आधीच ठरवतो. संकटात ११२, मदतीला १८१.

तो चार दिवस गोड बोलला, म्हणून नजर काढू नका. तो सुधारला की नाही, हे तिच्या झोपेवरून ओळखायचं. ती रात्री निर्धास्त झोपते का, हे पुढच्या बैठकीआधी तुमच्या गल्लीतल्या एकीला तरी विचारा.