आयएसओ न फोडता इन्स्टॉलर दुरुस्त करणं

आजचा भाग सर्व्हर रूमच्या बाजूचा आहे. नेटवर्कवरून लिनक्स टाकताना खुद्द इन्स्टॉलरचीच एखादी फाईल चुकीची निघाली तर काय करायचं, एवढाच विषय.

समजा, रॅकमध्ये ४० सर्व्हर लागलेत. सगळे पीएक्सईने बूट होतात, किकस्टार्ट फाईल तयार आहे. आणि डिस्कचे भाग पाडायच्या पायरीवर इन्स्टॉलर पायथनचा एरर फेकून थांबतो. प्रत्येक मशीनवर, त्याच ओळीवर. बग माहितीतला आहे, मूळ प्रोजेक्टमध्ये दुरुस्तीही झाली आहे, पण ती पुढच्या रिलीजमध्ये येणार. मशीन मात्र सोमवारी सकाळी द्यायची आहेत.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी आयएसओकडे जातो. तो उलगडायचा, आतली फाईल बदलायची, पुन्हा बांधायचा. होतं ते, नाही असं नाही. पण मग त्या आयएसओला ‘फायनल-नवीन-२’ असलं काहीतरी नाव पडतं, आणि सहा महिन्यांनी त्यात नेमकं काय बदललं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. मूळ चेकसमही जुळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आलेल्या इमेजला हात लावायचाच नाही. बदल वेगळ्या, छोट्या फाईलमध्ये ठेवायचा आणि बूट होताना वरून चढवायचा.

रेड हॅट आणि फेडोराच्या अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉलरमध्ये याची सोय आधीपासूनच आहे. त्या फाईलचं नाव अपडेट्स.आयएमजी. नाव भारदस्त असलं तरी आत फक्त जीझिप केलेलं सीपीआयओ आर्काइव्ह असतं. एक रिकामी डिरेक्टरी घ्या, इन्स्टॉलरमध्ये फाईल ज्या पाथवर आहे तोच पाथ तिच्यात तयार करा, दुरुस्त फाईल तिथे ठेवा, आणि सगळं पॅक करा. मग ती वेब सर्व्हरवर ठेवून कर्नलच्या ओळीत ‘इन्स्ट.अपडेट्स’ पुढे तिची यूआरएल द्यायची. प्रत्येक मशीनला ओळ द्यायची नसेल तर इन्स्टॉलेशन ट्रीच्या इमेजेस फोल्डरमध्ये याच नावाने ठेवा. अ‍ॅनाकोंडा ती आपणहून उचलतो. अ‍ॅनाकोंडाच्या सोर्समध्ये मेकअपडेट्स नावाची स्क्रिप्ट आहे. एखाद्या टॅगनंतर बदललेल्या फाईली गोळा करून ती ही इमेज बनवून देते. बग नोंदवल्यावर डेव्हलपर कधीकधी अशीच इमेज हातात देतात आणि म्हणतात, तुमच्या हार्डवेअरवर चालवून सांगा. नवीन रिलीजची वाट न बघता दुरुस्ती तपासता येते, हा मला यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आता खरी गोम पाथमध्ये आहे. आरएचईएल ९ मध्ये अ‍ॅनाकोंडाचा कोड पायथन ३.९ च्या साइट-पॅकेजेसखाली असतो, तर आरएचईएल १० मध्ये पायथन ३.१२ आहे. ९ साठी बनवलेली इमेज १० ला दिली तर एरर येत नाही. काहीच होत नाही! फाईल उतरते, कुणी न वाचणाऱ्या जागी जाऊन बसते आणि जुना बग तसाच. म्हणून ४० मशीनना लावण्याआधी एकाच मशीनवर शेल उघडा. प्रॉक खालची सीएमडीलाइन फाईल वाचून पर्याय पोचलाय का ते बघा, आणि मग प्रत्यक्ष ती फाईल उघडून आपलीच ओळ दिसते का ते बघा.

दुसरा प्रश्न क्रमाचा. अपडेट्स.आयएमजी जर नेटवर्कवरून येणार असेल, तर त्याआधी नेटवर्क चालू व्हायला हवं. म्हणजे नेटवर्क कार्डच ओळखलं जात नसेल तर तिचा उपयोग शून्य. ते काम इनिटआरडीच्या पातळीवर करावं लागतं.

इथे कर्नलची एक जुनी सोय कामी येते. इनिटआरडी म्हणजे एकच आर्काइव्ह असलं पाहिजे असं नाही. एकामागे एक अशी कितीही जोडता येतात, आणि तोच पाथ दोनदा आला तर नंतरची फाईल टिकते. डेबियनमध्ये फर्मवेअर याच पद्धतीने जोडतात: मूळ इनिटआरडी आणि फर्मवेअरचं आर्काइव्ह कॅट कमांडने चिकटवायचं, झालं. चिकटवायचंही नसेल तर पीएक्सईलिनक्समध्ये दोन नावं स्वल्पविरामाने द्या, आयपीएक्सईमध्ये इनिटआरडीच्या दोन ओळी लिहा. सीपीआयओचा फॉरमॅट मात्र ‘न्यूसी’ ठेवा.

पण डेबियनमध्ये यावर आणखी एक थर आहे. नेटबूटची इनिटआरडी लहान असते, पार्टमनसारखे भाग नंतर मिररवरून उतरतात. पार्टमनची फाईल तुम्ही इनिटआरडीत आधीच ठेवली, तर मागून आलेलं पॅकेज तिच्यावर आपली फाईल टाकतं. त्यामुळे प्रीसीडमधली पार्टमनची अर्ली कमांड वापरायची. ती डिस्कचं काम सुरू होण्याच्या अगदी आधी चालते, तिथे डब्ल्यूगेटने आपली फाईल आणून बसवा.

हे सगळं फक्त इन्स्टॉलर चालू असेपर्यंतचं आहे, बरं का. डिस्कवर जी सिस्टीम बसते तिच्यात हे बदल आपोआप जात नाहीत. तिथलं काही बदलायचं असेल तर किकस्टार्टचा पोस्ट विभाग वापरा.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. ही फाईल रूट म्हणून चालते. आरपीएम पॅकेजवर सही असते, ती तपासता येते. अपडेट्स.आयएमजीवर तशी सही तपासली जात नाही. सिक्युअर बूट बूटलोडर आणि कर्नल तपासतं, इनिटआरडी साधारणपणे नाही. टीएफटीपीला तर पासवर्ड वगैरे काही प्रकारच नाही. म्हणजे त्या नेटवर्कवर खोटा डीएचसीपी सर्व्हर उभा करू शकणारा कुणीही तुमच्या ४० मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून बसू शकतो. म्हणून इन्स्टॉलेशनचं व्हीलॅन वेगळं ठेवा. इमेज एचटीटीपीएसवरून द्या, आणि सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून ‘नोव्हेरिफायएसएसएल’ लावून मोकळं होऊ नका. अंतर्गत सर्टिफिकेट नीट बसवायला लागलाच तर अर्धा दिवस लागेल.

आणि इमेज बनवणारी डिरेक्टरी गिटमध्ये ठेवा, कमिटमध्ये बगचा नंबर लिहा. नवीन रिलीज आली आणि त्यात दुरुस्ती असली, की त्याच दिवशी इमेजेस फोल्डरमधली अपडेट्स.आयएमजी काढून टाका. नाहीतर नव्या इन्स्टॉलरच्या डोक्यावर तुमची जुनी फाईल बसलेली राहते, आणि तो बग शोधायला बसणारा माणूस अपस्ट्रीमचा कोड वाचत राहतो, ज्यात तो बग नसतोच.