दूध सोसतें कोणाला?

जळगांव-धुळ्याकडील एखाद्या सुखवस्तु घरांत सकाळीं दुधाचा पेला समोर आला कीं दहा-बारा वर्षांचें मूल तोंड फिरवितें. त्याच घरांतील आजोबांच्या पोटांत दूध घेतल्यावर गुडगुड होते. मूल हट्टी ठरतें आणि आजोबांची प्रकृति खालावली असें घरांतील माणसें समजतात. दोघांवरही पुष्कळदां अन्याय होतो. प्रौढपणीं दूध पचविण्याची शक्ति ही मनुष्यमात्राची मूळ मालमत्ता नसून कांहीं कुळांस मागाहून लाभलेली देणगी आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

दुधांत एक विशिष्ट साखर असते, तिला दुग्धशर्करा म्हणतात. ती जशीच्या तशी रक्तांत जात नाहीं. लहान आंतड्याच्या अस्तरांत लॅक्टेज नांवाचें पाचक द्रव्य असतें. तें तिचे दोन भाग करतें, मगच ती शोषली जाते. वासरूं असो वा मानवाचें बालक असो, अंगावरचें दूध तुटल्यावर कालांतरानें हें द्रव्य उणें होत जातें. न पचलेली साखर मोठ्या आंतड्यांत उतरली म्हणजे तेथील जंतु ती आंबवितात. वायु धरतो, मुरडा येतो, कधीं जुलाबही होतात. हा रोग नव्हे. सस्तन प्राण्यांचा हाच सामान्य नियम आहे.

मग दूध सुखानें पिणारे प्रौढ आले कोठून? याचा उलगडा २००२ सालीं फिन्लंडमधील संशोधकांनीं केला. आनुवंशिक द्रव्याच्या दीर्घ अक्षरमालिकेंत एका जागीं एका अक्षराऐवजीं दुसरें आलें, आणि बालपण सरल्यावरही लॅक्टेज तयार होत राहिलें. पूर्व आफ्रिकेंतील गुराखी जमातींत असेच निराळे बदल स्वतंत्रपणें घडल्याचें २००७ सालीं दिसून आलें. २०११ सालच्या एका अभ्यासांत भारतांतील दोन हजारांहून अधिक लोक तपासले गेले. येथील मुख्य बदल यूरोपांतलाच, एकाच मुळापासून आलेला, असें आढळलें. वायव्येकडे तो अधिक आहे, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी. गुरें पाळणाऱ्या समाजांत विशेष आहे. त्यावरून अजमावल्यास देशांत शेंकडा सुमारें २० माणसांस ही देणगी लाभली आहे.

खानदेश ह्या वायव्य व दक्षिण टोकांच्या मधल्या वाटेवर आहे. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशें, गिरणाकांठचें बहाळ येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्त्या सांपडल्या. दख्खनच्या त्या काळच्या शेतकऱ्यांजवळ गुरें होतीं. पुढें आलेल्या आभीर गोपालकांचें नांव अहिराणी बोलींत अद्याप नांदतें. परंतु दावणीला गाय असणें आणि पोटांत दूध पचणें ह्या दोन गोष्टी निराळ्या.

यूरोपांतील प्राचीन मडक्यांत मुरलेल्या दुधाच्या स्निग्धांशाचा मोठा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. दूध पचविणारीं माणसें संख्येनें वाढण्यापूर्वीं हजारों वर्षें तेथें दुधाचा वापर चालू होता, असें त्यावरून दिसतें. मग ही शक्ति पसरली कां? संशोधकांचें अनुमान असें, कीं सुकाळांत दुधानें पोट बिघडलें तर दिवसभर त्रास होई, एवढेंच. पण उपासमारींत वा सांथींत तेच जुलाब जीव घेत. १८९९-१९०० सालचा दुष्काळ खानदेशानें भोगला आहे. अशा वर्षीं भुकेल्या देहास जुलाब म्हणजे काय, हें येथें कोणास समजावून सांगावयास नको. अशा संकटांतून दूध पचविणारे थोडे अधिक वांचले, आणि त्यांची संतति वाढली.

ज्यांना ही देणगी नव्हती, त्यांच्यासाठीं विरजण होतें. दह्यांतील जंतु दुग्धशर्करेचा कांहीं भाग आधींच आंबवून टाकतात व उरलेली पचविण्यासही हातभार लावतात. तुपांत तर ती जवळजवळ नसतेच. म्हणून दूध न सोसणाऱ्या माणसास वाटीभर दहीं वा ताकाची कढी बहुधा सुखानें पचते; थोडें दूध जेवणाबरोबर घेतल्यास तेंही पुष्कळांस चालतें. पोटाचें प्रत्येक दुखणें मात्र दुधाच्या माथीं मारूं नये. जुलाब टिकून राहिले, वजन घटूं लागलें, तर डॉक्टरांस दाखविणेंच शहाणपणाचें.

तेव्हां उद्यां सकाळीं मुलानें पेला दूर सारला तर त्याला रागें भरण्यापूर्वीं दूध प्याल्यावर त्याचें पोट दुखतें काय, एवढें विचारावें. दुखत असेल तर पेला बाजूस ठेवून दह्याची वाटी पुढें करावी.