धानाच्या दाण्यांतील अदृश्य गुण

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ सालीं आपल्या बांधींतील ‘पटेल ३’ जातीच्या धानांत कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या मळणींत मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनीं त्या वेगळ्या राखल्या, निराळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षें निवड करीत बारीक, चवदार तांदळाचें नवें वाण सिद्ध केलें. बाजारांत त्याला त्या काळच्या एका प्रसिद्ध घड्याळाचें नांव मिळालें : एच्. एम्. टी. दादाजी २०१८ सालीं निवर्तले. त्यांचा तांदूळ आजही नागपूरच्या घरोघरीं शिजतो.

यामागील आनुवंशिक तत्त्व सोपें आहे. धानाचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फलित होतें; त्यामुळें निवडलेला गुण कांहीं पिढ्यांत स्थिरावतो. ‘खाण तशी माती’ ही म्हण धानाला अक्षरशः लागू पडते.

परंतु दाण्याची बारीकी डोळ्यांना दिसते, चव जिभेला कळते. त्यांतील प्रथिन आणि जस्त कोणत्याही इंद्रियाला कळत नाहीं. उद्यां एखाद्या बांधींत जस्तानें समृद्ध अशी लोंबी आली, तरी ती शेजारच्या लोंबीसारखीच दिसेल आणि तिच्याबरोबरच मळली जाईल. शहरांतील गृहिणीही तांदूळ घेतांना प्रथिनाची चौकशी करीत नाहीं. तिच्या ताटांत वरण, दूध, भाजी असते. गडचिरोलीच्या अरण्यांत ज्या घरीं दोन्ही वेळां भातावरच भिस्त, तेथील गर्भवतीला व मुलाला मात्र हा अदृश्य गुणच हवा असतो.

म्हणून येथें प्रयोगशाळेची गरज लागते. कटकच्या राष्ट्रीय भात-संशोधन संस्थेनें आसामच्या जुन्या वाणांच्या संग्रहांतील एका प्रथिनयुक्त वाणाचा ‘नवीन’ नामक वाणाशीं संकर केला. त्यांतून निघालेल्या ‘सी. आर. धान ३१०’ च्या पांढऱ्या तांदळांत प्रथिन शेंकडा १०.३ भरतें, एरव्हीं तें सात-आठच असतें. हैदराबादच्या ‘डी. आर. आर. धान ४५’ मध्यें जस्त किलोमागें २२.६ मिलिग्रॅम आहे. दोन्ही वाणें २०१६ सालचीं. काम सोपें नव्हतें, कारण प्रथिनाचें प्रमाण अनेक जनुकांवर आणि जमिनींतील नत्रावरही अवलंबून असतें. शिवाय उत्पन्न वाढलें कीं दाण्यांत पिष्ट अधिक भरतें व प्रथिनाचें प्रमाण बहुधा घसरतें.

मक्याचा अनुभव येथें आठवावा. एकाच जनुकांतील बदलानें मक्याच्या दाण्यांतील लायसिन हें आवश्यक अमिनो अम्ल पुष्कळ वाढतें, हें १९६४ सालीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत सिद्ध झालें. पण तो दाणा मऊ, हलका. त्याला कीड लवकर लागे. शेतकऱ्यांनीं तो पत्करला नाहीं. कठीण दाण्याचा पौष्टिक मका तयार होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

कटक-हैदराबादच्या त्या दोन वाणांची मूळ शिफारस इतर प्रांतांसाठीं होती, महाराष्ट्रासाठीं नव्हे. त्यांतील सत्त्व पूर्व विदर्भाच्या पाण्यापावसांत टिकणाऱ्या आणि तेथील माणसांना रुचणाऱ्या बारीक धानांत उतरवणें हें काम संकराचें, आणि पुढें प्रत्येक पिढीचा दाणा तपासून निवडण्याचें आहे. भात-संशोधनाचें केंद्र सिंदेवाहीला आहे. दादाजींच्या शेतापासून शेजारच्याच तालुक्यांत.